भंगारात निघालेलं यंत्र

२६ फेब्रुवारी २०१० रोजी दिल्ली विद्यापीठातल्या जुन्या सामानाचा लिलाव झाला. त्यात रसायनशास्त्र विभागातलं एक अवजड यंत्र होतं. १९८५ पासून ते कुणी वापरलं नव्हतं. पश्चिम दिल्लीतल्या मायापुरीच्या एका भंगार व्यापाऱ्याने ते उचललं. शिशाला बाजारात कायम भाव असतो, आणि या यंत्राच्या अंगावर शिसं भरपूर होतं.

यंत्राचं नाव गॅमासेल. कॅनडातल्या ‘अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड’ या सरकारी कंपनीने ते बनवलेलं आणि १९६८ पासून ते विद्यापीठाकडे होतं. त्याची रचना समजायला सोपी आहे. पोलादात मढवलेलं शिशाचं जाड कवच, त्याच्या पोटात कोबाल्ट-६० च्या कांड्यांचं कडं, आणि त्या कड्याच्या मधोमध नमुना खाली सोडायची सोय. नमुना ठरलेला वेळ आत राहतो, गॅमा किरण खातो आणि वर येतो. संशोधक शेजारी उभा राहून निर्धास्त काम करू शकतो, कारण शिसं किरण अडवतं. कवच शाबूत असेल तोवरच हे खरं.

कोबाल्ट-६० चा अर्धायुष्यकाल सव्वापाच वर्षांचा. म्हणजे दर सव्वापाच वर्षांनी त्याचा किरणोत्सार निम्म्यावर येतो. बेचाळीस वर्षांत तो आठ वेळा निम्मा झाला. मूळच्या साधारण अडीचशेव्या हिश्शावर आला. संशोधनाच्या कामाला तो आता अपुरा होता, आणि माणूस मारायला पुरेसा होता. ‘जुनं झालं, आता त्यात काही उरलं नसेल’ हा समज इथे घातक ठरतो.

विद्यापीठात यंत्र म्हातारं कसं होतं, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळा परिचराला ठाऊक असतं. नवं यंत्र आलं की जडसंग्रह नोंदवहीत ओळ चढते: खरेदीची तारीख, वस्तूचं वर्णन, नग, किंमत, शेरा. ज्या प्राध्यापकांच्या संशोधनासाठी ते आलं ते पुढे निवृत्त होतात, विद्यार्थी पांगतात, माहितीपुस्तिका कुठल्या तरी कपाटात जाते. वहीतली ओळ तेवढी राहते. मग कधीतरी नॅकच्या मूल्यांकनाची तयारी निघते किंवा खोली रिकामी करायची असते, निर्लेखन समिती बसते, याद्या होतात, सह्या होतात आणि सामान लिलावात जातं. या वहीत किंमत लिहायला रकाना आहे, धोका लिहायला नाही. वही जन्मली हिशेबासाठी. सरकारी पैशातून घेतलेली वस्तू कुणी घरी नेऊ नये, एवढीच तिची चिंता. ती चिंता रास्त आहे. पण विद्यापीठाच्या आवारात येणारी प्रत्येक वस्तू खुर्ची-टेबलाच्या जातीची नसते, हे वहीला कुणी शिकवलंच नाही.

मायापुरी हा देशातल्या सर्वांत मोठ्या भंगार बाजारांपैकी एक. जुन्या गाड्या फोडून सुटे भाग विकणं ही त्याची मुख्य ओळख. तिथे मार्च महिन्यात कामगारांनी यंत्र फोडलं. गॅमा किरणांना रंग नाही, वास नाही, चटका नाही. त्यामुळे हातोडा चालवणाऱ्याला थांबायचं काही कारण दिसलं नाही. शिसं बाजूला झालं आणि आतला कोबाल्ट उघडा पडला. त्याचे तुकडे झाले, अकरा. आठ त्याच दुकानाच्या आवारात राहिले, दोन जवळच्या दुकानात गेले. सर्वांत लहान तुकडा एका व्यापाऱ्याने पैशांच्या पाकिटात ठेवला आणि ते पाकीट खिशात घेऊन तो वावरत राहिला.

थोड्याच दिवसांत एकेकाला उलट्या होऊ लागल्या, केस गळू लागले, कातडी काळवंडू लागली. ४ एप्रिलला एक दुकानमालक इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयात दाखल झाला. तिथल्या डॉक्टरांना लक्षणं ओळखीची वाटेनात, आणि त्यांनी किरणोत्साराचा संशय घेतला. या सगळ्या हकिकतीत वेळेवर योग्य प्रश्न विचारणारे हे पहिले लोक. ७ एप्रिलला खबर मुंबईत अणुशक्तीनगरला, अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मुख्यालयात पोहोचली. मंडळाची माणसं मोजणी यंत्रं घेऊन मायापुरीत उतरली. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि नरोरा अणुवीज केंद्रातले तज्ज्ञही कामाला लागले. एप्रिलच्या मध्यापर्यंत अकराही तुकडे हाती आले, पाकिटातला धरून. ते नरोराला हलवण्यात आले.

आठ जण रुग्णालयात होते. त्यांतला एक कामगार २६ एप्रिलला गेला. अणुअपघातांची तीव्रता मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर या अपघाताची नोंद चौथ्या पातळीवर झाली. ही पट्टी सातपर्यंत जाते. चेर्नोबिल आणि फुकुशिमा सातवर आहेत.

सुरुवातीला बहुतेकांचा संशय परदेशातून येणाऱ्या भंगारावर होता. तो अगदीच निराधार नव्हता, कारण आयात भंगारातून किरणोत्सारी धातू आल्याची उदाहरणं जगभर आहेत. पण महिना संपता संपता दिल्ली पोलिसांनी माग काढला तेव्हा तो शहरातल्याच विद्यापीठात जाऊन थांबला. तेव्हाच्या कुलगुरूंनी नैतिक जबाबदारी स्वीकारली, नियामक मंडळाने विद्यापीठाला कारणे दाखवा नोटीस दिली, आणि वर्षभराने पोलिसांनी रसायनशास्त्राच्या सहा प्राध्यापकांवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला.

नियम नव्हते म्हणून हे घडलं, असं म्हणता येत नाही. यंत्र आलं तेव्हा १९६२ चा अणुऊर्जा कायदा होता. नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालं. किरणोत्सारी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम १९८७ चे, आणि परवाना व सुरक्षा अधिकारी बंधनकारक करणारे नियम २००४ चे. प्रत्येक नवा नियम नव्या खरेदीला पकडत गेला. कोपऱ्यात झाकून ठेवलेलं, मंडळाच्या जन्माआधीचं यंत्र मात्र कुणी शोधायला गेलं नाही, आणि विभागानेही आपण होऊन हात वर केला नाही. दोष दोन्हीकडे आहे. पण ज्याच्या घरात वस्तू आहे, त्याचा आधी.

ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात १९८७ साली हेच घडलं होतं. जागा सोडून गेलेल्या एका उपचारकेंद्रात किरणोपचाराचं यंत्र तसंच राहिलं. दोघांनी ते भंगारासाठी फोडलं आणि आतली सीझियम-१३७ ची निळसर चमकणारी भुकटी घरोघरी पोहोचली. चार जणांचा जीव गेला आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. मायापुरीच्या तेवीस वर्षं आधीची ही घटना जगभरच्या किरणसुरक्षेच्या अभ्यासक्रमात आहे. ती रसायनशास्त्राच्या विभागांपर्यंत पोहोचली असती, तर निर्लेखनाच्या यादीवर सही करणाऱ्या एखाद्याने तरी विचारलं असतं: याच्या आत काय आहे?

कोबाल्ट-६० स्वतः काही शत्रू नाही. तुर्भ्याच्या ‘आयसोमेड’मध्ये १९७४ पासून त्याच किरणांनी वैद्यकीय सामान निर्जंतुक होतं, आणि २००७ मध्ये अमेरिकेला निघालेल्या हापूसवर लासलगावच्या केंद्रात तीच प्रक्रिया झाली. तिथे कांडीच्या आयुष्याचा हिशेब ती बसवण्याआधीच ठरलेला असतो. आता प्रयोगशाळांनाही किरणोत्सारी स्रोत घेताना, काम संपल्यावर तो पुरवठादाराकडे परत जाईल याची हमी द्यावी लागते, आणि मंडळाच्या ‘ई-लोरा’ या ऑनलाइन व्यवस्थेत परवान्यांची नोंद राहते.

पण या मंडळाची कक्षा किरणोत्सारापुरती. वाळून खडखडीत झालेलं, धक्क्याने फुटू शकणारं पिक्रिक अ‍ॅसिड, बाटलीत पेरॉक्साइड साचलेला जुना ईथर, फुटक्या दाबमापकांतला पारा, लेबल गळून पडलेल्या काचेच्या बरण्या: ही सगळी अजून विभागाच्या भरवशावर आहेत. त्यांच्यासाठी मोठा खर्च लागत नाही. जडसंग्रह नोंदवहीत धोक्याचा एक रकाना वाढवावा, प्राध्यापक निवृत्त होताना ना-देय प्रमाणपत्राआधी त्यांच्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूची माहिती लेखी घ्यावी, आणि निर्लेखन समितीत लेखापालाच्या शेजारी त्या विषयाचा जाणकार बसवावा. एवढं झाल्याशिवाय भंगाराचा टेम्पो फाटकाबाहेर सोडू नये.