न्हाणीघरातील लाकडी जमिनीचे समतलीकरण

न्हाणीघरातील लाकडी जमिनीचे समतलीकरण ही लाकडी तुळयांवर आधारलेल्या जमिनीतील खोलगट भाग व उंचवटे दूर करून ती फरशी बसवण्यायोग्य करण्याची बांधकामातील प्रक्रिया होय. उत्तर अमेरिकेत लाकडी सांगाड्याची घरे मोठ्या प्रमाणावर असल्याने ती तेथे विशेष प्रचलित आहे. समतलीकरणामुळे पृष्ठभाग सपाट होतो, परंतु जमिनीचा ताठपणा वाढत नाही. त्यामुळे आधी तुळयांची तपासणी व दुरुस्ती करणे आवश्यक असते.

कारणे

लाकूड ओलाव्याने फुगते व सुकल्यावर आकसते. दीर्घकाळ भार वाहणाऱ्या तुळया मध्यभागी कायमच्या वाकतात. न्हाणीघरात यात आणखी दोन कारणांची भर पडते. पहिले कारण गळतीचे असून, कमोडच्या बैठकीभोवती व टबाच्या कडेला झिरपणाऱ्या पाण्याने फळ्या आणि तुळया कुजतात. दुसरे कारण नळजोडणीसाठी तुळया कापण्याचे आहे. अमेरिकेतील निवासी बांधकाम संहितेनुसार अखंड लाकडाच्या तुळईतील खाच तिच्या उंचीच्या एक-षष्ठांशाहून खोल नसावी, तसेच गाळ्याच्या मधल्या तृतीयांशात खाच घेऊ नये. भोकाचा व्यास उंचीच्या एक-तृतीयांशापर्यंत चालतो.

मापन

सपाटपणा व पातळी या दोन भिन्न गोष्टी आहेत. जमीन एका बाजूस किंचित उतरती, परंतु सपाट असल्यास तीवर फरशी बसवता येते. मात्र खड्डे व उंचवटे असल्यास फरशी अधांतरी राहून तडकते. पातळी पाणसळीने, तर सपाटपणा लांब सरळ पट्टीने तपासतात. अमेरिकेतील प्रचलित मानकानुसार १० फुटांत (सुमारे ३ मीटर) पाव इंचापर्यंत (सुमारे ६ मिमी) फरक चालतो. फरशीची एखादी बाजू १५ इंच किंवा अधिक असल्यास ही मर्यादा निम्मी होते.

ताठपणासाठी भाराखालील वाक गाळ्याच्या लांबीच्या १/३६० पेक्षा अधिक नसावा, असा संकेत आहे. म्हणजे ३.६ मीटरच्या गाळ्यात तो १० मिमीपर्यंत असावा. नैसर्गिक दगडासाठी सर्वसाधारणपणे १/७२० हे प्रमाण धरतात.

पद्धती

* जोडतुळई – कुजलेला भाग काढून जुन्या तुळईलगत नवी तुळई पातळीत बसवून घट्ट जोडतात. यामुळे पातळी व ताठपणा दोन्ही सुधारतात.
* पाचरपट्ट्या – तुळया मजबूत, पण खाली-वर असल्यास त्यांवर निमुळत्या पट्ट्या ठोकून मग प्लायवूड बसवतात.
* रंधकाम – फुगलेल्या तुळईची वरची कड मर्यादित प्रमाणात रंधून काढतात.
* स्वसमतल मिश्रण – हे सिमेंटयुक्त मिश्रण पातळ असल्याने ओतल्यावर आपोआप पसरते. त्यापूर्वी प्लायवूड स्क्रूने घट्ट करणे, फटी व पाइपांभोवतीच्या जागा बंद करणे, प्राथमिक लेप देणे आणि उत्पादकाने सांगितले असल्यास जाळी अंथरणे आवश्यक असते. पाणी मोजूनच घालावे लागते. ते जास्त झाल्यास थर ठिसूळ होतो. १ चौरस मीटरवरील १ मिमी थराचे वजन सुमारे २ किलो भरते. त्यामुळे ४ चौरस मीटर जमिनीवरील १० मिमी थर तुळयांवर सुमारे ८० किलो भार टाकतो.

फरशीपूर्वीचा थर

समतल जमिनीवर सिमेंटचे तक्ते किंवा लाकडाची हालचाल फरशीपर्यंत पोहोचू न देणारा पडदा बसवतात. सिमेंटचे तक्ते पाण्याने कुजत नाहीत, परंतु ते जलरोधक नसतात, म्हणून ओल्या भागात स्वतंत्र जलरोधन करतात. शॉवरखालील भाग मात्र समतल ठेवत नाहीत; तेथे निचऱ्याकडे दर फुटास पाव इंच (सुमारे २ टक्के) उतार देतात.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रातील नव्या इमारतींत काँक्रीटचे स्लॅब असल्याने ही प्रक्रिया क्वचितच लागते. मात्र मुंबईतील अनेक जुन्या चाळींचे मजले लाकडी तुळयांवर आधारलेले आहेत. तेथे मोरीतील गळतीने तुळयांची भिंतीत गेलेली टोके कुजू शकतात आणि वरची फरशी शाबूत दिसत असल्याने हे लवकर लक्षात येत नाही. अशा वेळी खचलेल्या भागावर नवा थर घातल्यास कमकुवत तुळईवरील भार आणखी वाढतो. त्यामुळे गळती थांबवून तुळयांची तपासणी करणे हे फरशीकामापूर्वी आवश्यक ठरते.