सिंधुदुर्गाचा पाण्याखालचा तट

१/७
आष्टा-इस्लामपूरकडून मालवणला जाणारी मंडळी दोन गोष्टी हमखास करतात: सिंधुदुर्ग पाहतात आणि स्नॉर्केलिंग करतात. पहिल्याला आपण इतिहास म्हणतो, दुसऱ्याला मौज. वास्तविक दोहोंचा आधार एकच आहे: मालवणच्या किनाऱ्यालगतचे बुडालेले खडक.

२/७
नोव्हेंबर १६६४. सुरतेच्या पहिल्या लुटीला वर्षही झाले नव्हते. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, शिवाय इंग्रज व डच, अशा सत्तांच्या या समुद्रात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर दुर्गाची पायाभरणी केली. १६६७ पर्यंत तो उभा राहिला.

३/७
जागेची निवड महत्त्वाची. बेटाभोवती पाण्याखाली खडक दडलेले आहेत. खोल बुडाच्या युरोपीय जहाजांना तेथे धोका होता. मराठ्यांची उथळ बुडाची गलबते मात्र वाटा जाणणाऱ्या तांडेलाच्या भरवशावर आत शिरत. गडाचा पहिला तट कोणा गवंड्याने बांधलेला नव्हता.

४/७
हेच खडक लाटांचा जोर मोडतात, आणि त्यांच्याच टणक पृष्ठावर प्रवाळ रुजते. प्रवाळ हा दगड नव्हे. चुन्याचे घर बांधणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांची ती वसाहत. त्यांच्या पेशींत राहणारे शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते, म्हणून ही वसाहत उथळ, स्वच्छ पाण्यात फुलते.

५/७
१९८७ मध्ये येथील सुमारे २९ चौ. किमी. क्षेत्र सागरी अभयारण्य घोषित झाले. उपजीविकेच्या चिंतेने मच्छीमारांनी विरोध केला. तो प्रश्न आजही संपलेला नाही. २००१ मध्ये खडकरचना करणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. त्या अनुसूचीत वाघही आहे.

६/७
२०२५ मध्ये सिंधुदुर्गासह मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा ठरले. आता तटाचा चिरा कोणी उपटला, तर आपण संतापून उठू. पण पहिल्यांदा पाण्यात उतरलो तेव्हा दम लागताच मी ‘खडकावर’ पाय टेकले होते. तो खडक नव्हता, हे वर आल्यावर कळले.

७/७
चिरा निखळला तर पुन्हा बसवता येतो. मोडलेले प्रवाळ पुन्हा वाढायला वर्षानुवर्षे लागतात, आणि कधी ते वाढतही नाही. म्हणून मालवणला जाल तेव्हा जरूर पाण्यात उतरा. फक्त पाय टेकू नका, काही तोडून आणू नका. गडाच्या पायऱ्यांवर वाकून नमस्कार करणाऱ्याने त्याच गडाच्या पाण्याखालच्या तटावर पाय कसा द्यावा?