तबकडी आणि सीडी : मराठी संगीतश्रवणाचा एक ऐतिहासिक विचार
(शिरूर व दौंड तालुक्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील संगीताचा इतिहास लिहिताना गायक, घराणी, नाटक मंडळ्या आणि बंदिशी यांचा विचार विपुल झाला आहे. परंतु हे संगीत मैफलीपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या सर्वसामान्य श्रोत्याने कोणत्या साधनातून ऐकले, याचा विचार त्या मानाने अल्प आढळतो. इ. स. १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांची सीडी बाजारात आली, तेव्हा तबकडीचे युग संपले असे सर्वत्र मानले गेले. प्रत्यक्षात अमेरिकेत इ. स. २०२० मध्ये तबकड्यांच्या विक्रीची रक्कम सीडीच्या विक्रीपेक्षा अधिक भरली. इ. स. १९८६ नंतर असे प्रथमच घडले. या आकर्षणाचे कारण केवळ जुन्याची हौस आहे काय, आणि ग्रामीण भागातील इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातून काही घेता येईल काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. येथे ‘तबकडी’ या शब्दात लाखेची ७८ फेऱ्यांची ध्वनिमुद्रिका आणि नंतरची व्हायनिलची दीर्घमुद्रिका या दोहोंचा समावेश आहे.

लाखेची तबकडी

ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग इ. स. १९०२ मध्ये कोलकात्यास आले. त्यांनी गोहरजान आदी कलावंतांचे गायन मुद्रित केले. त्या तबकड्या जर्मनीतील हॅनोवर येथे छापून हिंदुस्थानात परत आणल्या जात. इ. स. १९०८ मध्ये कोलकात्यातील सियालदह येथे कंपनीचा कारखाना निघाला आणि तबकड्या येथेच तयार होऊ लागल्या. तबकडीचा एक प्रमुख घटक म्हणजे लाख, आणि लाखेचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातूनच होत असे, ही बाब आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नव्हती. चावी द्यावी, पोलादी सुई बसवावी, तबकडी ठेवावी, की कर्ण्यातून गाणे सुरू होई. त्यामुळे खेड्यात वीज पोहोचण्यापूर्वीच हे यंत्र तेथे पोहोचू शकले. यंत्र एखाद्याच घरी असे आणि ऐकणारे अनेक असत. तबकडीचे श्रवण हे प्रारंभापासून बव्हंशी सामूहिक होते, ते यामुळेच.

तीन मिनिटांची मर्यादा

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावत असे. या मर्यादेने मराठी संगीताला घडविले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत दीर्घकाळ रंगणारे बालगंधर्वांचे पद तबकडीवर तीन मिनिटांत आटोपशीर मांडावे लागले. ख्यालगायकांना रागाचे स्वरूप मोजक्या आलापांत उभे करावे लागले. दुसरीकडे, या मर्यादेला अनुरूप असा भावगीत हा प्रकारही याच काळात बहरला. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात इ. स. १९३२ मध्ये ध्वनिमुद्रित झाली. मराठी भावगीताच्या वाटचालीतील हा एक आरंभबिंदू मानला जातो.

तबकडीने गुरूचे कार्यही केले. गदगच्या बालवयीन भीमसेन जोशी यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी तबकडीवरच ऐकली आणि त्या ओढीने ते गुरूच्या शोधात घराबाहेर पडले, हे सर्वश्रुत आहे. याउलट पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना करणारे भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांची एकही तबकडी उपलब्ध नाही. त्यांची गायकी आज शिष्यांच्या आठवणींतूनच जाणून घ्यावी लागते. एखाद्या आवाजाची तबकडी निघणे अथवा न निघणे याने इतिहासलेखनात केवढा फरक पडतो, हे यावरून ध्यानात येते.

इ. स. १९४८ मध्ये अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची दीर्घमुद्रिका आली आणि पुढे ती भारतातही रुळली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गायन मावू लागले. एचएमव्हीमध्ये अधिकारपदावर असलेल्या जी. एन. जोशी यांनी अनेक शास्त्रीय गायकांना या नव्या माध्यमाकडे वळविले. तीन मिनिटांचे भावगीत गाणाऱ्या कलावंतानेच पुढे विस्तृत ख्यालाच्या मुद्रणासाठी परिश्रम घ्यावेत, हा योग विशेष म्हणावा लागेल.

सीडीचे गुण आणि तिची मर्यादा

तबकडीचा आवाज सीडीपेक्षा शास्त्रीय दृष्ट्या शुद्ध असतो, हे विधान मात्र स्वीकारता येत नाही. सीडीवर प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. त्यामुळे मानवी कानाला ऐकू येणाऱ्या सर्व कंपनांची नोंद त्यात होऊ शकते. हळू व मोठ्या आवाजातील अंतरही सीडी तबकडीपेक्षा अधिक पेलते. सुईचा स्पर्श नसल्याने ती वाजवून झिजत नाही, आणि सुमारे ७४ मिनिटांचा राग अखंड ऐकता येतो. सीडीची उपयुक्तता येथे निर्विवाद आहे.

प्रश्न उद्भवतो तो जुन्या तबकड्यांवरून तयार केलेल्या सीडींबाबत. अशा सीडीत खरखर काढून टाकताना आवाजातील सूक्ष्म स्वरांशही गाळले जाण्याचा संभव असतो. शिवाय आरंभीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवरच मुद्रित झालेल्या नव्हत्या. चुकीच्या वेगाने उतरवून घेतल्यास गायकाची पट्टी बदलते आणि लयही बदलते. सीडीवर तो दोष कायम होतो आणि श्रोता त्यालाच मूळ गायन समजतो. मूळ तबकडी हाताशी असल्यास वेग पुन्हा पडताळून पाहता येतो. इतिहासाच्या परिभाषेत सांगायचे तर तबकडी ही मूळ पोथी होय आणि सीडी ही तिची संपादित आवृत्ती होय. आवृत्ती वाचनास सोयीची असते. परंतु पाठाविषयी शंका आल्यास पोथीकडेच जावे लागते.

तबकडीचा आणखी एक विशेष म्हणजे तिचे वाचन साध्या साधनाने होऊ शकते. इ. स. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरून अंतराळात पाठविलेल्या सुवर्णमुद्रिकेत गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांचा भैरवीतील स्वर आहे. त्या मुद्रिकेसोबत ती वाजविण्यासाठी सुईही ठेवलेली आहे. याउलट अलीकडच्या बहुतेक लॅपटॉप संगणकांत सीडी घालण्याची सोयच उरलेली नाही.

शिरूर व दौंड तालुक्यांचा संदर्भ

शिरूर अर्थात घोडनदी ही पुणे–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) मार्गावरील जुनी बाजारपेठ आहे, तर दौंड हे पुणे–सोलापूर लोहमार्गावरील जंक्शन असून दौंड–मनमाड मार्ग इ. स. १८७८ पासून सुरू आहे. मुंबई-पुण्याचा माल आणि तेथील अभिरुची या दोन्ही वाटांनी आत येत राहिली. महाराष्ट्रात इतरत्र झाले त्याप्रमाणे लग्नमंडप, जत्रा आणि गणेशोत्सव यांतील ध्वनिक्षेपकांनी तबकडी गावकऱ्यांच्या कानापर्यंत नेली. सुलोचना चव्हाण यांची चित्रपटातील लावणी ही अशीच घराघरांत पोहोचली.

मात्र येथे एक विसंगती दिसते. दौंड तालुक्यातील चौफुला हे लावणीच्या कलाकेंद्रांसाठी प्रसिद्ध ठिकाण आहे. बैठकीत अदाकारीसह, श्रोत्यांच्या फर्माइशीनुसार खुलणारी लावणी तीन मिनिटांत मावणारी नव्हे. तबकडीवर प्रामुख्याने चित्रपटातील लावणी आली, आणि पुष्कळांच्या लेखी तीच लावणी ठरली. शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमाजवळ दरवर्षी १ जानेवारीस जमणाऱ्या जनसमुदायात आंबेडकरी गीतांना मोठे स्थान आहे. या गीतांचा प्रसार प्रथम जलशांतून झाला आणि नंतर कॅसेट व सीडी यांनी त्याला फार मोठा हातभार लावला. तबकडी काढण्यास मोठी कंपनी लागे. कॅसेट वा सीडी अल्प भांडवलात निघू शके. ज्यांना तबकडीने फारसे स्थान दिले नाही, त्यांना या स्वस्त माध्यमांनी आवाज दिला. म्हणून तबकडीचा गौरव करताना सीडीला तुच्छ लेखणे इतिहासदृष्ट्या न्याय्य नाही.

आज या दोन्ही माध्यमांचे अवशेष नष्ट होत आहेत. जुनी घरे पाडली जातात, वाटण्या होतात आणि माळ्यावरील तबकड्या भंगारात जातात. लाखेची तबकडी हातातून पडली की फुटते. घरगुती पद्धतीने लिहिलेल्या सीडीवरील रासायनिक थरही कालांतराने निकामी होतो. त्यांच्याबरोबर केवळ गाणी जात नाहीत. तबकडीच्या मध्यभागी असलेला कागद, त्यावरील क्रमांक, पाकिटावरील दुकानदाराचा शिक्का, मालकाने शाईने लिहिलेले नाव या सर्वांतून तबकडी कोणत्या पेठेतून आली, कोणाच्या घरी वाजली, हे कळू शकते. सीडीवर उतरवून घेतलेल्या गाण्यात यातील काहीच येत नाही.

समारोप

तबकडीचे आकर्षण ध्वनीच्या शुद्धतेत नसून, ती ज्या काळात आणि ज्या माणसांत वाजली त्यांच्या खुणा बाळगते, यात आहे, असा निष्कर्ष उपरोक्त विवेचनातून निघतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे जमविली. त्या काळी ती दप्तरेही पुष्कळांना रद्दीच वाटत होती. तालुक्यातील महाविद्यालयांना हे कार्य ध्वनीच्या बाबतीत करता येण्यासारखे आहे. इतिहास विभागाने विद्यार्थ्यांकरवी घरोघरच्या तबकड्या, कॅसेट व सीडी यांची सूची करावी, मराठी विभागाने गीतांचे पाठ नोंदवावेत आणि भौतिकशास्त्र विभागाने वेग व मुद्रण यांची तपासणी करावी. वस्तू मालकाकडेच राहू द्यावी. नोंद आणि छायाचित्र मात्र महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असावे. यास मोठ्या निधीची आवश्यकता नाही. परंतु या तबकड्यांच्या आठवणी सांगू शकणारी पिढी आज वृद्धत्वाकडे झुकली आहे, हे लक्षात घेता हे काम पुढील वर्षावर टाकणे परवडणारे नाही.