"शेवटची" गाडी... किती वेळा?

"मोठं इंजिन असलेली एखादी स्पोर्ट्स कार आत्ताच घेऊन टाकावी, पुन्हा मिळायची नाही." गाड्यांचं वेड असलेल्या प्रत्येकाच्या मनात हल्ली हा विचार येऊन जातो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मित्रांच्या गप्पांत तर हमखास. जिकडे बघावं तिकडे बॅटरी, हायब्रिड, नाहीतर छोटं टर्बो इंजिन. आठ सिलिंडरचं व्ही-८ म्हणजे आता थोड्या वर्षांचं सोबती. मग घ्यायची तर आत्ताच, कर्ज काढून का होईना!

गंमत म्हणजे हा विचार अजिबात नवा नाही. पन्नासेक वर्षांपूर्वी अमेरिकेत हजारो लोकांनी तो केला, त्यासाठी रोख पैसे मोजले, आणि पुढे काय झालं ते आज आपल्याला माहीत आहे. म्हणून ही गोष्ट.

सुरुवात १९६४ची. जनरल मोटर्समध्ये तेव्हा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटिॲकच्या जॉन डीलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. साध्या टेम्पेस्ट गाडीवर तीनशे डॉलरच्या आत मिळणारं एक 'ऑप्शन पॅकेज' म्हणून त्यांनी ३८९ घनइंचाचं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन दिलं. नाव जीटीओ. तरुण पोरं अक्षरशः तुटून पडली, आणि मग सगळ्याच कंपन्यांची शर्यत लागली. १९७० साली शेव्हर्ले शेव्हेलमध्ये ७.४ लिटरचं ४५० हॉर्सपॉवरचं इंजिन मिळत होतं. क्रायस्लरचं ७ लिटरचं 'हेमी' होतंच.

आणि मग दोन-तीन वर्षांत सगळा डोलारा खाली आला.

पुष्कळांना वाटतं की हे तेलटंचाईमुळे झालं. पण तेल नंतर आलं. आधी आल्या विमा कंपन्या. पंचविशीच्या आतल्या मुलाने असली गाडी घेतली तर हप्ता असा लावायचे की गाडी परवडली तरी विमा परवडू नये. मग १९७०चा क्लीन एअर ॲक्ट आला. पाच वर्षांत नव्या गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन ९० टक्क्यांनी कमी करा, असं त्यात होतं (मुदत पुढे वाढत गेली, ते सोडा). कायदा उगाच आला नव्हता. लॉस एंजेलिसच्या धुरक्यात लोकांचे डोळे चुरचुरत होते आणि पेट्रोलमधलं शिसं मुलांच्या रक्तात उतरत होतं.

इथे थोडं इंजिनिअरिंग. सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगी पडण्याआधी जितकं जास्त दाबाल, तितकी ताकद जास्त. पण जास्त दाबलं की साधं पेट्रोल नको तेव्हा पेटतं आणि इंजिन 'नॉक' करतं. हे टाळायला पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालत. धूर साफ करायला आणायचा होता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आणि त्याला नेमकं शिसंच निकामी करतं! म्हणजे शिसं जाणार, म्हणून कॉम्प्रेशन खाली येणार, म्हणून ताकद जाणार. एक डिपेंडन्सी बदलली की खालचं सगळं कोसळतं, तसंच. १९७१च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन उतरवलं.

त्यात १९७२पासून मोजायची पद्धतच बदलली. आधी अल्टरनेटर, सायलेन्सर वगैरे काहीही न जोडता इंजिन स्टँडवर ठेवून आकडा घेत. आता गाडीत असतं तसं, सगळं जोडून. त्यामुळे कागदावरचा आकडा आणखीच घसरला. ऑक्टोबर १९७३मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखलं तेव्हा रोगी आधीच अंथरुणाला खिळलेला होता. १९७५च्या कॉर्व्हेटमध्ये ५.७ लिटरचं मूळ इंजिन द्यायचं फक्त १६५ हॉर्सपॉवर. आज पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली दीड लिटर टर्बोची एसयूव्ही जवळपास तेवढी ताकद देते :)

आता आपल्या मुद्द्याची गाडी. कॅडिलॅक एल्डोराडो कन्व्हर्टिबल, १९७६. ही काही स्पोर्ट्स कार नव्हे, चाकांवरचा दिवाणखानाच म्हणा, पण इंजिन तब्बल ८.२ लिटरचं. गाडी उलटली तर छत किती मजबूत हवं याचे कडक नियम येणार या धास्तीने अमेरिकन कंपन्यांनी उघड्या छताच्या गाड्या एकेक करून बंद केल्या होत्या. उरली ही एकच. कॅडिलॅकने "शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल" म्हणून गाजावाजा केला. त्या वर्षी अशा १४,००० गाड्या निघाल्या. त्यातल्या शेवटच्या २०० सारख्याच, पांढऱ्याशुभ्र. २१ एप्रिल १९७६ला डेट्रॉइटच्या कारखान्यातून अखेरची बाहेर पडली.

किंमत होती अकरा हजार डॉलरच्या आसपास. लोकांनी वर हजारो डॉलर जास्त देऊन ती घेतली आणि कित्येकांनी न चालवता गॅरेजमध्ये झाकून ठेवली. उद्या सोनं होणार!

झालं काय? १९८२मध्ये क्रायस्लरने कन्व्हर्टिबल परत आणली. पुढच्या वर्षी फोर्डने मस्टँगची काढली. आणि १९८४च्या मॉडेलांत खुद्द कॅडिलॅकने एल्डोराडो कन्व्हर्टिबल आणली! १९७६च्या मालकांनी फसवणूक झाली म्हणून खटला भरला. तो टिकला नाही. १९७६चे अकरा हजार डॉलर म्हणजे आजचे साठ हजारांच्या वर. त्यातल्या बहुतेक गाड्या आज याच्या निम्म्यातही मिळतात. बरं, ८.२ लिटरचं इंजिन मात्र १९७७मध्ये गेलं ते कॅडिलॅकमध्ये परत आलंच नाही. तरी भाव चढला नाही, कारण प्रत्येकाने तीच गाडी तशीच जपून ठेवली होती.

याउलट १९७१ची प्लिमथ हेमी कूडा कन्व्हर्टिबल बघा. जाहिरातीत "शेवटची" वगैरे काही नव्हतं. महाग, विमा अशक्य, पेट्रोल पिणारी. खपल्या एक डझनाच्या आसपास. २०१४मध्ये सिएटलच्या लिलावात त्यातली एक ३५ लाख डॉलरला गेली. ज्यांनी नवी घेतली त्यांना फक्त जोरात पळणारी गाडी हवी होती.

हेच नाटक अलीकडे पुन्हा झालं. डॉजने २०२३च्या चॅलेंजरच्या खास मॉडेलांना नावच 'लास्ट कॉल' दिलं. शेवटची होती १,०२५ हॉर्सपॉवरची डीमन १७०, मर्यादा ३,३००. डिसेंबर २०२३मध्ये कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला उत्पादन थांबलं. पण तसलंच सुपरचार्ज्ड इंजिन डॉजच्याच ड्युरँगोत चालू राहिलं, आणि जून २०२५मध्ये त्याच कंपनी-समूहाच्या रॅमने आपल्या पिकअपमध्ये हेमी परत आणत असल्याचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात अमेरिकेने सरासरी मायलेजचा नियम मोडल्याबद्दलचा दंड शून्यावर आणला. नियम येतात तसे जातातही.

म्हणजे मोठी इंजिनं कायम राहणार का? मला नाही वाटत. सरकार बदललं की नियम पुन्हा फिरतील, आणि ताकदीसाठी आता एवढ्या लिटरची गरजही उरलेली नाही. पण ती नेमकी कधी जाणार हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि "शेवटची" हा शब्द ज्या गाडीवर कंपनीच छापते ती हजारो लोक जपून ठेवतात. मग दुर्मिळ होणार कशी?

तेव्हा तो आवाज, तो धक्का आवडत असेल आणि हप्ता, विमा, पेट्रोल झेपत असेल तर जरूर घ्या. पण मग दर रविवारी बाहेर काढा, टायर झिजवा, घाटात न्या. गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर ते पैसे इंडेक्स फंडात टाका. त्याला झाकून ठेवायला गॅरेज लागत नाही.