पडद्याआडचा जुळारी

देवनागरीत उच्चाराचा क्रम आणि डोळ्यांना दिसणारा क्रम नेहमीच एक नसतो. 'कि' या अक्षरात इकार उच्चारायचा नंतर, पण त्याची वेलांटी उभी राहते आधी, आणि 'अर्क' या शब्दातला र क-च्या आधी उच्चारला जात असला तरी रफार होऊन क-च्याच डोक्यावर बसतो. त्यामुळे यंत्राने देवनागरी लिहायची म्हटले की या दोन क्रमांचा मेळ घालणारा कोणीतरी मध्ये लागतोच. छापखान्यात हे काम जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे ओळीत जुळवणारा कारागीर, करीत असे. औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या स्वाध्याय मंडळाने औंधातून वेदसंहिता प्रसिद्ध केल्या, तेव्हा या कौशल्याची कसोटी लागली; कारण ऋग्वेदाच्या सस्वर, म्हणजे उच्चारातील चढउतार दाखवणाऱ्या, मुद्रणात अक्षराखालची आडवी रेघ अनुदात्त आणि अक्षरावरची उभी रेघ स्वरित दाखवते, आणि रेघ एका अक्षराने सरकली तरी पाठ अशुद्ध होतो.

संगणकात हे काम ज्यांच्याकडे आले, त्यांचे कूळ दुहेरी आहे. पहिले कूळ ड्रायव्हरचे, म्हणजे यंत्राचा एखादा भाग आणि कार्यकारी प्रणाली यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीचे. डॉस प्रणालीच्या १९८३ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून असे ड्रायव्हर बाहेरून जोडता येऊ लागले आणि संगणक सुरू होताना प्रणाली एका ठरावीक फाइलीतील ओळी वाचून ते स्मृतीत उतरवू लागली. दुसरे कूळ पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवांचे. अमेरिकेतील एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये १९६३ च्या सुमारास अशा आज्ञावलींना 'डीमन' हे नाव मिळाले, आणि ते भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या कल्पनेतील, रेणूंची अखंड निवड करणाऱ्या अदृश्य जीवावरून घेतलेले होते. डॉसमध्ये याच जातीची आज्ञावली स्मृतीत दबून राही आणि विशिष्ट कळ दाबताच जागी होई.

तरीही डॉसचा पडदा प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा एकच चौकोन देत असल्याने जोडाक्षरे आणि मात्रा त्यात मावत नसत. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेल्या संशोधनाला १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले आणि 'जिस्ट कार्ड' तयार केले. संगणकात बसवलेले हे कार्ड अक्षरांची रूपे स्वतः घडवीत असल्याने, इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावली मुळात न बदलताही मराठी मजकूर दाखवू शकत. त्यामागची 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक ठरली. तिच्यात साठवला जातो तो उच्चाराचा क्रम, म्हणजे आधी क आणि मग इकार. वेलांटी कोठे उभी करायची हे पडद्याआडचा जुळारी ठरवतो.

विंडोजच्या आरंभीच्या आवृत्त्यांत हा जुळारी नव्हता. त्यामुळे निरनिराळ्या मराठी फाँट-संचांनी आपापले संकेत योजले, आणि पार्श्वभूमीवर चालणारी कळफलकाची आज्ञावली दाबलेल्या कळीचे रूपांतर अक्षराच्या तुकड्यांत करू लागली. मजकूर म्हणून हे तुकडेच साठवले जात असल्याने एका फाँटमध्ये लिहिलेले दुसऱ्यात वाचता येईना, आणि त्या काळच्या कितीतरी मराठी लेखनाला ही अडचण अजून चिकटून आहे. इस्कीच्या मांडणीवर आधारलेला युनिकोडचा देवनागरी विभाग आणि अक्षरजुळणीची अंगभूत सोय विंडोज २००० मध्ये एकत्र आली तेव्हा ही कोंडी फुटली; त्या प्रणालीतील 'मंगल' हा फाँट मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला होता.

अनुदात्ताची रेघ युनिकोडमध्ये आधीपासून होती, तर २००९ साली सामवेद, यजुर्वेद यांच्या पाठांना लागणाऱ्या आणखी चिन्हांसाठी वेगळा विभाग जोडला गेला. औंधच्या सस्वर संहितांमध्ये जी रेघ खिळ्यांच्या जुळणीने अक्षराखाली येत असे, ती आता आपल्या अक्षरामागोमाग एक स्वतंत्र संकेत म्हणून साठवली जाते आणि फाँट कोणताही असला तरी त्याच अक्षराशी बांधलेली राहते.