धारणी ते परदेशी विमान: मोठ्या विमानतळावर प्रवासी नेमका कुठे अडतो?

धारणी हे अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे, मेळघाटातले तालुक्याचे गाव. इथून परदेशी जाणाऱ्यांत आखातात कामाला निघालेले तरुण असतात, शिकायला जाणारी मुले असतात आणि मुला-नातवंडांना भेटायला निघालेले आईवडीलही असतात. बहुतेकांची पहिली गाठ पडते ती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाशी. २०२४-२५ या वर्षात सुमारे साडेपाच कोटी प्रवाशांनी हा विमानतळ वापरला.

एवढ्या मोठ्या ठिकाणी हरवण्याची भीती वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात माणूस हरवल्यामुळे विमान चुकते असे फारसे होत नाही. ते चुकते वेळेच्या आणि कागदाच्या गोंधळामुळे. मोठा विमानतळ म्हणजे एकामागे एक लागलेली दारे. प्रत्येक दारावर वेगळा माणूस असतो आणि तो वेगळा कागद पाहतो. यांतली काही दारे विमान सुटण्याच्या बरीच आधी बंद होतात.

तारखेचा घोळ

मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘१५ तारीख, ०२:३०’ असे छापलेले असेल, तर विमान १४ तारखेच्या रात्री झोपण्याच्या वेळेनंतर सुटते. १५ तारखेच्या रात्री विमानतळावर पोहोचलेल्या प्रवाशाचे विमान आदल्या रात्रीच गेलेले असते. अशा वेळी तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत.

म्हणून हिशेब उलटा मांडावा. विमान १५ तारखेला पहाटे २:३० ला आहे. सामान घेणारा काउंटर आंतरराष्ट्रीय विमानासाठी साधारण तासभर आधी, काही कंपन्यांचा त्याहूनही आधी, बंद होतो. म्हणजे १:३० ही शेवटची वेळ. रांगांसाठी तीन तास धरले, तर १४ तारखेला रात्री साडेदहाच्या आत टर्मिनलच्या दारात उभे असायला हवे. अमरावती–मुंबई एक्सप्रेस संध्याकाळी सुटते आणि सकाळी मुंबईला पोहोचते. म्हणजे गाडी १३ तारखेची हवी. धारणी ते अमरावती हे अंतर हरिसाल, सेमाडोह आणि परतवाडा या मार्गाने जवळपास दीडशे किलोमीटर आहे. त्यात बराच घाट आणि जंगलातला रस्ता आहे. त्यामुळे १३ तारखेला सकाळीच घर सोडावे लागते. पावसाळ्यात घाटात झाड किंवा दरड पडू शकते, तेव्हा आणखी एक दिवस हाताशी ठेवलेला बरा.

धारणीकरांना दुसरी वाटही आहे. मध्य प्रदेशातली बऱ्हाणपूर आणि खंडवा ही स्थानके मुंबई–इटारसी या मुख्य लोहमार्गावर आहेत आणि रस्त्याने ती अमरावतीपेक्षा जवळ पडतात. तिथून मुंबईला जाणाऱ्या गाड्या मिळतात.

१६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली. तिथली धावपट्टी १,८५० मीटर लांब आहे आणि सेवा लहान एटीआर विमानाने सुरू झाली. हे विमान रोज असेलच असे नाही, म्हणून पुढच्या विमानाशी सांगड घालण्याआधी त्या आठवड्याचे वेळापत्रक पाहावे. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून शारजा आणि दोहा इथे थेट उड्डाणे होत आली आहेत. आखातात जाणाऱ्याने आधी तीही तपासावीत.

कोणता विमानतळ, कोणते टर्मिनल?

मुंबईतल्या विमानतळाला दोन टर्मिनल आहेत. टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला आहे आणि ते देशांतर्गत विमानांसाठी आहे. टर्मिनल २ सहारला आहे. आंतरराष्ट्रीय विमाने तिथून सुटतात, काही देशांतर्गतही. दोन्ही एकाच विमानतळाचे भाग असले तरी त्यांच्यात रस्त्याने काही किलोमीटरचे अंतर आहे. चुकीच्या टर्मिनलला उतरले, तर मुंबईच्या रहदारीत अर्धा-पाऊण तास सहज जातो.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाला. सुरुवात देशांतर्गत विमानांनी झाली. त्यामुळे तिकिटावर नुसते ‘मुंबई’ वाचून भागत नाही. जुन्या विमानतळाचा संकेत ‘बीओएम’ आहे, नवी मुंबईचा ‘एनएमआय’. अमरावती किंवा नागपूरहून विमानाने येऊन पुढे परदेशी जाणाऱ्याने दोन्ही तिकिटांवरचा विमानतळ आणि टर्मिनल ताडून पाहावे.

रेल्वेने येणाऱ्यांची सोय ऑक्टोबर २०२५ पासून वाढली आहे. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ३ पूर्ण सुरू झाली. तिच्यावर सीएसएमटी, दादर, टर्मिनल १ आणि टर्मिनल २ अशी चारही स्थानके आहेत. सीएसएमटीहून टर्मिनल २ ला तासाभराच्या आत पोहोचता येते. मेट्रो रात्रभर चालत नाही. मध्यरात्रीनंतरच्या विमानासाठी रात्री उशिरा निघणाऱ्याला टॅक्सीच करावी लागते.

सकाळी मुंबईत उतरून रात्रीचे विमान असेल, तर दिवस कुठे काढायचा हेही आधी ठरवावे. फार लवकर गेल्यास टर्मिनलमध्ये सोडतीलच असे नाही. शहरातले नातेवाईक, एखादा लॉज किंवा रेल्वे स्थानकाची क्लोकरूम असे पर्याय आहेत.

दारामागून दार

पहिले दार टर्मिनलचे. तिथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान तिकीट आणि पासपोर्ट पाहतात. गावाकडून निरोप द्यायला जीपभर माणसे आलेली असतात, पण तिकीट नसलेल्याला या दारातून पुढे जाता येत नाही. म्हणून पासपोर्ट, व्हिसा, पैसे आणि औषधे प्रवाशाच्या स्वतःच्या हातपिशवीत हवीत. ती सोबतच्या माणसाकडे राहिली, तर काचेपलीकडून मागवणे अवघड जाते.

दुसरे दार विमान कंपनीच्या काउंटरचे. तिथे सामानाचे वजन होते, बोर्डिंग पास मिळतो आणि व्हिसा तपासला जातो. तिकिटावरचे नाव पासपोर्टावरच्या नावाशी जुळले पाहिजे. आदिवासी आणि ग्रामीण भागातल्या काही पासपोर्टांवर एकच नाव असते, आडनावाचा रकाना रिकामा असतो. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून भेटीच्या किंवा पर्यटक व्हिसावर एकच नाव असलेल्या प्रवाशांना प्रवेश देणे बंद केले. अशा प्रवाशाला कंपनी मुंबईतच थांबवते. ही दुरुस्ती पासपोर्ट कार्यालयात महिनाभर आधी होऊ शकते, काउंटरवर नाही.

तिसरे दार इमिग्रेशनचे. पूर्वी इथे एक फॉर्म भरावा लागे. भारतीय नागरिकांसाठी तो १ जुलै २०१७ पासून बंद झाला. अधिकारी पासपोर्ट, व्हिसा आणि बोर्डिंग पास पाहतात, कुठे आणि कशासाठी चालला हे विचारतात आणि शिक्का मारतात. हिंदीत उत्तर दिले तरी चालते.

कामासाठी जाणाऱ्याची खरी कसोटी इथेच लागते. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टावर बहुधा ‘ईसीआर’ अशी नोंद असते. अशा व्यक्तीला सौदी अरेबिया, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीला जायचे असेल, तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार सरकारी मंजुरी लागते. ती ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावरून, नोंदणीकृत एजंट किंवा मालकामार्फत मिळते. फिरायला जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही. याचाच फायदा घेऊन काही दलाल कामगाराला पर्यटक व्हिसावर पाठवतात. शंका आली तर अधिकारी त्याला विमानतळावरूनच परत पाठवू शकतात. तो सुटून तिथे पोहोचला, तर पर्यटक व्हिसावर काम करणे बेकायदा ठरते आणि पगार थकल्यास दाद मागणे कठीण होते. दलालाने ‘अधिकाऱ्याला फिरायला चाललो म्हणून सांग’ असे शिकवले, की हा व्यवहार सरळ नाही हे ओळखावे. घर सोडण्याआधी एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर तपासता येतो.

चौथे दार सुरक्षा तपासणीचे. हातातल्या सामानात द्रव पदार्थाची बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. अशा सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. मेळघाटचा मध, तूप आणि लोणच्याचा खार हे सगळे इथे द्रवच धरले जाते, म्हणून ते नीट बांधून मोठ्या पेटीत टाकावे. पॉवर बँकेचे उलटे आहे. ती मोठ्या पेटीत चालत नाही, हातातच ठेवावी लागते. काडेपेटी कुठेच चालत नाही. ओटीसाठी बांधून दिलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही पेटीतून निघतात, कारण तेलकट सुके खोबरे पेट घेऊ शकते म्हणून ते सोपवलेल्या सामानात नेऊ देत नाहीत.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिका हे देश बियाणे, मध आणि घरगुती खाद्यपदार्थांबाबत कडक आहेत. तिथे उतरताना पदार्थ जाहीर करावा. फार तर तो काढून घेतील. लपवला तर दंड होतो.

शेवटचे दार गेटचे. ते विमान सुटण्याच्या वीसेक मिनिटे आधी बंद होते. एसटी स्टँडवर गाडी लागली की भोंग्यावर पुकारा होतो. मुंबईचा विमानतळ मात्र ‘सायलेंट’ आहे, म्हणजे प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. गेटचा क्रमांक पडद्यावर दिसतो आणि तो ऐनवेळी बदलूही शकतो. आपले नाव पुकारतील म्हणून दुकानांजवळ बसून राहणे इथे महागात पडते. आधी गेट गाठावे, चहा नंतर घ्यावा. पडदा वाचता येत नसेल, तर बोर्डिंग पास दाखवून कर्मचाऱ्याला विचारावे.

ज्यांना भाषेची अडचण आहे

धारणी परिसरात अनेकांची घरची भाषा कोरकू आहे. ती मराठी-हिंदीशी नाते नसलेल्या मुंडा भाषाकुळातली आहे. मुंबईत मराठी-हिंदी चालते, पण दुबई, दोहा किंवा फ्रँकफर्टला विमान बदलताना तिचाही आधार राहत नाही. चालण्याची अडचण असलेल्या ज्येष्ठांसाठी तिकीट काढतानाच, किमान ४८ तास आधी, व्हीलचेअर नोंदवता येते. गरजू प्रवाशाला ती विनाशुल्क मिळते. मदतनीस काउंटरपासून गेटपर्यंत सोबत असतो, त्यामुळे रांग, पडदे आणि वाट शोधणे यांचा भार हलका होतो.

इतरांनी एका कागदावर विमानाचा क्रमांक, मधल्या विमानतळाचे नाव, उतरायच्या ठिकाणचा पत्ता आणि तिथल्या नातेवाइकाचा फोन इंग्रजीत लिहून खिशात ठेवावा. परदेशात उतरल्यावर भारतातले सिम चालेलच असे नाही आणि विमानतळाच्या वायफायला अनेकदा फोनवर येणारा ओटीपी लागतो. तेव्हा हा कागद कामी येतो.

विमान बदलायचे असेल तर

पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पहिले विमान उशिरा आल्यास पुढची व्यवस्था विमान कंपनी करते. दोन वेगळी तिकिटे स्वस्त पडतात, पण पहिले विमान उशिरा आले तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी संबंध नसतो. अमरावती–मुंबई वेगळे आणि मुंबई–दुबई वेगळे असे तिकीट काढणाऱ्याने मध्ये बरेच तास ठेवावेत. मुंबईत सामान स्वतः घेऊन पुन्हा सोपवावे लागेल, हेही धरावे.

काउंटरवर मिळालेल्या सामानाच्या पावतीवर शेवटच्या शहराचा संकेत छापलेला असतो. तो तिथेच वाचून घ्यावा. अमेरिकेला जाणाऱ्यांना सामान त्या देशातल्या पहिल्या विमानतळावर घेऊन पुन्हा द्यावे लागते. अबूधाबी याला अपवाद आहे, तिथे अमेरिकेची तपासणी विमानात बसण्याआधीच होते.

परतताना

मुंबईत उतरल्यावर क्रम उलटा होतो: इमिग्रेशन, सामानाचा पट्टा, कस्टम. वारंवार परदेशी जाणाऱ्या भारतीयांना जानेवारी २०२५ पासून मुंबईतही आधी नोंदणी करून जलद इमिग्रेशनचे यांत्रिक गेट वापरता येते.

पट्ट्यावर पेटी आली नाही, तर बाहेर पडण्याआधी तिथल्याच काउंटरवर तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. भारताने २००९ मध्ये स्वीकारलेल्या माँट्रियल करारानुसार सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या सामानाची २१ दिवसांत करता येते. धारणीला पोहोचून मग पाहू असे म्हटले, तर यातले दोन दिवस प्रवासातच जातात आणि विमानतळावरची पहिली नोंद नसल्याने दावा कमकुवत होतो.