चवदार तळे आणि महारकी

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी 1927 पर्यंत गावातल्या बहुतेकांना चाले. मुसलमानांना मनाई नव्हती, गुरांनाही नव्हती. मनाई होती ती अस्पृश्यांना. पावसाच्या पाण्यावर आणि पोटातल्या झऱ्यांवर भरणारे हे तळे चारी बाजूंनी बांधलेले आहे. काठाला खाजगी मालकीच्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्या, त्यांच्या पलीकडे नगरपालिकेचा रस्ता आणि रस्त्यापलीकडे सवर्णांची घरे, अशी त्या काळची मांडणी होती. महारवाड्यातली विहीर गावाच्या मध्यापासून दूर आणि गाळाने भरलेली.

महाड ही सावित्रीच्या खोऱ्याची पेठ. महाबळेश्वरी उगम पावलेली नदी घाट उतरून पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे दासगावजवळून खाडीला लागते. डोंगरातल्या गावांना बाजार महाडचा, कचेरी आणि कोर्टही महाडचेच. गावचा वसूल भरायला, टपाल पोचवायला महाराला तालुक्याला यावेच लागे. ते त्याच्या महारकीचे कामच होते. म्हणजे ज्या गावात चाकरीसाठी जाणे भाग, त्याच गावात तहान लागली तर सोय नाही. पुढचा सगळा झगडा या रोजच्या अडचणीतून उभा राहिला.

महारकी म्हणजे वतनी चाकरी. दवंडी पिटणे, सरकारी माणसाचे ओझे वाहणे, मयताची बातमी परगावी नेणे, मेलेली गुरे ओढणे, बोलावले की हातातले काम टाकून जाणे. बदल्यात थोडी वतनी जमीन, खळ्यावर बलुते आणि घरोघर मागितलेली भाकर. हक्क म्हणून मिळणाऱ्या या तुटपुंज्या उत्पन्नानेच माणूस बांधला जाई. जमीन सोडवत नाही म्हणून चाकरी सुटत नाही, आणि चाकरी आहे तोवर गावकीची दहशत आहेच.

या बंधनातून बाहेर पडण्याची वाट आधी पलटणीने दाखवली. महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे पेन्शनर शिपाई. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवली. महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा शेजारी बसायला सवर्ण सभासद तयार होईनात. पुढे 1890 च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली. तरी लिहितावाचता येणारे, शिस्त ठाऊक असलेले पेन्शनर कोकणातल्या खेड्यांत होतेच आणि 1927 च्या परिषदेला त्यांचा मोठा आधार झाला.

सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ऑगस्ट 1923 मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर सगळे झाले होते, पाण्याला मात्र कोणी हात लावला नव्हता.

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद 19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस ही मंडळी तयारीत पुढे होती, अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर. परिषदेला लागणारे पाणी सवर्णांकडून चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले. ज्या गावात तळे तुडुंब भरलेले, त्या गावात हा खर्च करावा लागतो, यावर वेगळे भाषण करण्याची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी चित्र्यांनी सूचना मांडली, मंडळी रांगेने तळ्यावर गेली, आंबेडकर ओंजळ भरून पाणी प्यायले आणि मागोमाग इतरही. थोड्याच वेळात वीरेश्वराच्या देवळातही हे घुसणार अशी आवई उठली. मंडपात जेवत असलेल्या लोकांवर लाठ्या पडल्या. कित्येकांना मुसलमान घरांनी आसरा दिला. मग सनातन्यांनी पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेतले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला.

डिसेंबरात सत्याग्रह परिषद ठरली, तेव्हा मंडपाला जागा देणारा हिंदू मिळेना; ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. सनातन्यांनी तळे खाजगी असल्याचा दावा लावून 14 डिसेंबरला मनाई हुकूम मिळवला होता. आंबेडकर मुंबईहून बोटीने दासगावला उतरले आणि तिथून महाडपर्यंत चालत आले. 25 डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळण्यात आली. तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. हजारो लोक पाण्यासाठी आलेले असतानाही कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही असे ठरले आणि तळ्याभोवती नुसती मिरवणूक निघाली. हा निर्णय अनेकांच्या पचनी पडला नाही, पण पुढचा निकाल पाहता तो शहाणपणाचा ठरला.

परिषदेनंतर आंबेडकर बायकांशी बोलले: लुगडे गुडघ्यापर्यंत खोचू नका, जात दाखवणारे कथलाचे-चांदीचे जड दागिने उतरवा, मेलेल्या गुराचे मांस घरात आणू नका. दुसऱ्या दिवशी अनेकींची लुगडी घोट्यापर्यंत आली होती. चित्रे-टिपणिसांच्या घरच्या बायकांनी ती नेसायला शिकवली.

डिसेंबरच्या भाषणात आंबेडकरांनी महाडची तुलना 1789 च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. मोशेच्या मागे मिसर सोडून निघालेल्या इस्राएल लोकांच्या कथेकडे ते पुढे वळले. त्यावर त्यांनी लिहिलेही. तसे पाहिले तर ती कथा कुलाबा जिल्ह्याला परकी नव्हती. अलिबाग-पेणकडचे मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, गावोगावचे ‘शनवार तेली’, दरवर्षी त्या सुटकेचा वल्हांडण सण पाळत आणि त्याला ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणत. त्या सणाला वाचायची हगादा मुंबईत 1846 मध्ये मराठी भाषांतरासह छापली गेली. पुण्याच्या 1874 च्या आवृत्तीत तर साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत. फारोची गुलामी वीटभट्टीची होती आणि सुटका म्हणजे देश सोडणे. महाडच्या माणसाला देश सोडायचा नव्हता. त्याला त्याच गावात, त्याच तळ्यावर जायचे होते. हिंदू धर्मातून बाहेर पडण्याची भाषा नंतर आली: 1935 साली येवल्याला, 1936 च्या मुंबईच्या महार परिषदेत आणि अखेर 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला.

दरम्यान दावा चालूच होता. महाडच्या कोर्टाने 1931 मध्ये, ठाण्याच्या कोर्टाने 1933 मध्ये आणि मुंबई हायकोर्टाने 17 मार्च 1937 रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळापासूनची वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही, असे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी ठरवले. गांधीजींना 1922 साली सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश तेच.

वतनाचा प्रश्न सर्वांत उशिरा सुटला. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले, ते तडीस गेले नाही. वतनदार महारांतही त्यावर एकमत नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांचे हातचे सोडायला मन धजत नसे. कनिष्ठ गावकी वतने रद्द करणारा कायदा 1958 चा. तो लागू झाल्यावर चाकरी कायद्याने संपली. वतनी जमीन आकाराच्या काही पट रक्कम भरून परत मिळवता येई, मात्र कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येत नसे.